खाच आकाशाकडे

मित्रांनो, मी काठी आहे. जुनी आहे, किंचित वाकडी आहे आणि भयंकर घाबरट आहे. थांबा, लगेच एखादी म्हातारी आणि तिच्या हातातली काठी डोळ्यांसमोर आणू नका! मी पूल खेळायची काठी. हिरव्या कापडाच्या टेबलावर मी पांढऱ्या बॉलला टोचते, पांढरा बॉल रंगीत बॉलला धक्का देतो आणि रंगीत बॉल कोपऱ्यातल्या पॉकेटात गडप होतो. एवढंच माझं काम. ऐकायला सोपं वाटतं ना? काठी हातात येईपर्यंत सगळ्यांना असंच वाटतं.

घाबरट का, ते आधी सांगते. आमच्या हॉलमध्ये कामातून गेलेली काठी फेकून देत नाहीत. फेकली असती तर एकदाची सुटका तरी झाली असती. इथे तिला दुसरी नोकरी लावतात. माझ्या शेजारी उभी असायची ती सडपातळ काठी आता उंचावरची खिडकी ढकलायला वापरतात. दुसरीच्या टोकाला फडकं बांधलंय, ती फरशी पुसते. तिसरीचे दोन तुकडे करून कुंडीतल्या टोमॅटोच्या रोपांना टेकू दिलाय. आणि चौथी? चौथी मोरी तुंबली की बाहेर येते. तिची काय दशा होते ते मी सांगणार नाही, तुम्ही जेवून आला असाल. भिंतीवरच्या माझ्या स्टँडवरून मोरीचं दार अगदी समोर दिसतं. आता सांगा, मी निवांत कशी राहणार?

जन्मले तेव्हा मी सुतासारखी सरळ होते. एका कातारीने मला लेथवर फिरवून फिरवून गोल केलं, एका टोकाला निमुळतं केलं, त्या टोकावर चामड्याची टिकली चिकटवली आणि एक डोळा मिटून माझ्या लांबीवरून पाहत म्हणाला, "वा! अशी रोज होत नाही." तेव्हा मला वाटलं, आता आपलं भलं झालं. पण हॉलमध्ये मला जागा मिळाली ती नेमकी गळक्या नळामागच्या भिंतीशी. भिंत ओली, मी लाकडाची. वर्षभरात माझ्या पाठीला बाक आला. जास्त नाही, केसभर. पण पूलमध्ये केसभर म्हणजे फार झालं.

आमच्या हॉलची एक रीत आहे. कुठलीही काठी खेळायला घेण्याआधी ती टेबलावर आडवी ठेवून हलकेच लोळवायची. सरळ काठी गुपचूप लोळते. वाकडी काठी टक-टक-टक करत उड्या मारते आणि सगळ्या हॉलला आपलं गुपित सांगून मोकळी होते. मला लोळवलं की टक-टक-टक. लोक हसायचे आणि मला परत भिंतीला टेकवायचे. खेळण्याआधी काठीच्या टिकलीला खडू घासतात, चार वर्षं माझ्या टिकलीला तो लागला नाही. त्या चार वर्षांत मोरीचं दार किती वेळा उघडलं, ते मी अजून सांगू शकते.

मग कापडवाली आली.

त्या काळी हॉलच्या दारावर पाटी होती, 'महिलांना प्रवेश नाही'. कापडवालीला प्रवेश मिळाला तो कामासाठी. टेबलांवर हिरवं कापड बसवायचं काम तिच्या वडिलांचं होतं, त्यांची कंबर धरली म्हणून ही आली. एका हातात हातोडी, एका हातात कात्री, तोंडात बारीक खिळे. कापड असं ताणून बसवायची की त्यावर मुंगी चालली तरी घसरावी! काम झालं आणि हॉलचा मालक म्हणाला, "झालं ना? मग निघा आता."

तिने तोंडातला शेवटचा खिळा काढला. "निघते की. पण बॉल सरळ पळतो का ते बघायला नको? उद्या तुमचं गिऱ्हाईक बोंबललं तर मला बोलावू नका."

मालकाने डोकं खाजवलं. म्हणणं तर बरोबर होतं. "बरं, बघा. पण चांगल्या काठ्यांना हात लावायचा नाही."

म्हणून तिने मला उचललं. लोळवलं. टक-टक-टक. खुर्च्यांवरचे पुरुष पोट धरून हसले. कुणीतरी म्हणालं, "देव भेटवतो बरोबर, वाकडीला वाकडी!" तिने वळूनसुद्धा पाहिलं नाही. तिने मला पुन्हा लोळवलं, पुन्हा लोळवलं, दहा-बारा वेळा. कान टेबलाजवळ नेऊन ऐकत राहिली. मग मला फिरवून एका जागी धरलं आणि कात्री उघडली.

मित्रांनो, तेव्हा माझी काय अवस्था झाली असेल! मला वाटलं, संपलं, आता तुकडे. पण तिने कात्रीच्या टोकाने माझ्या मुठीजवळ फक्त एक आडवी खाच पाडली, तांदळाच्या दाण्याएवढी. आणि हळूच म्हणाली (हो, माझ्याशी! काठीशी!), "भिऊ नको गं. तुझा बाक डावी-उजवीकडे आला तर बॉल चुकेल. वर-खाली राहिला तर बॉलला काय कळतंय? खाच आकाशाकडे ठेवली की तू सरळच आहेस."

एवढंच माझं गुपित. ते तिला ठाऊक होतं आणि मला.

त्या दिवशी तिने दहा मिनिटं कापड तपासलं. पुढच्या महिन्यात अर्धा तास. नंतर तर तपासणी दोन-दोन तास चालायला लागली! मालक घड्याळ बघायचा, पण बोलणार काय? अखेर हॉलमधला सगळ्यात मोठा खेळाडू, एक मिशीवाला, चिडवायच्या हेतूने म्हणाला, "बाई, नुसतं कापड काय तपासता, आम्हालाही तपासा." तिने तपासलं. सातपैकी पाच डावांत तपासलं. दारावरची पाटी उतरायला त्यानंतरही दोन वर्षं लागली बरं का, पाट्या हट्टी असतात. पण पुढची नऊ वर्षं त्या हॉलमध्ये तिला कुणी हरवू शकलं नाही.

तिच्या काळचं कापड जाड होतं, घोंगडीसारखं. बॉल जड आणि मंद. ती त्यांना घाई करायची नाही. तिचा बॉल पॉकेटच्या ओठापर्यंत जायचा, जरा विचार करायचा आणि मग आत पडायचा. हॉल इतका चिडीचूप व्हायचा की खडूची भुकटी पडल्याचा आवाज यावा.

खिळे आणि टाके बघून बघून तिची नजर अधू झाली, तेव्हा तिने मला ड्रायव्हरबाईच्या हातात दिलं. ड्रायव्हरबाई शहराची बस चालवायची, डेपोतली पहिली बाई. खाकी गणवेश, कमरेला किल्ल्यांचा खुळखुळ आणि आवाज असा की शेवटच्या सीटवरचा झोपलेला प्रवासी जागा व्हावा. कापडवाली बोलायला मुळातच कंजूस. म्हणाली, "खाच आकाशाकडे ठेव."

"का हो?"

"ठेव म्हटलं ना."

झालं! एवढ्यावर शिक्षण संपलं. ड्रायव्हरबाईने समजून घेतलं की हा शकुन आहे. काही माणसं उजवा पाय आधी टाकतात, तसं. तिने पुन्हा कधी प्रश्न विचारला नाही आणि एकदाही खाच खाली केली नाही. आणि लोळवून बघायची रीत? छे! कापडवालीला आता सगळे थोरली म्हणायचे, आणि 'थोरलीची काठी' कोण लोळवणार? तो तर तिचा अपमान! इतर प्रत्येक काठी लोळवायचे, मला मात्र हात जोडायचे. मला तेव्हा बरं वाटायचं, उगाच खोटं कशाला बोलू. त्या बरं वाटण्याचीच शिक्षा मला पुढे भोगावी लागली.

ड्रायव्हरबाईचा जमाना वेगळा. कापड पातळ, बॉल हलके, डोक्यावर पांढरेशुभ्र दिवे आणि समोर टीव्हीचा कॅमेरा. तिचा खेळ म्हणजे बसच्या आरशात बघून गाडी मागे घेणं! सरळ मारायचं तिथेही ती बॉल आधी कडेच्या कुशनवर आपटायची, तो वळून यायचा, दुसऱ्या कुशनला भेटायचा आणि निमूट पॉकेटात शिरायचा. वर ओरडायची, "पुढे सरका, पुढे सरका, मागे जागा आहे!" लोक खुर्च्यांवर उभे राहायचे. सहा वर्षं ती जिंकत राहिली, मग स्टिअरिंगने तिचा खांदा खाल्ला.

आणि तिथून आमच्या हॉलमध्ये तो वाद सुरू झाला. दोघींत मोठी कोण?

वादाचे मुख्य पुजारी म्हणजे मार्करकाका. ते गुण लिहायचे, बॉल मांडायचे आणि कापडवालीच्या काळापासून हॉलमध्ये होते. त्यांनी भिंतीवरच्या फळ्यावर दोन रकाने आखले होते. एका बाजूला 'कापडवाली', दुसऱ्या बाजूला 'ड्रायव्हर'. वादात ज्याचा मुद्दा चालला, त्याच्या रकान्यात एक रेघ.

"थोरलीच्या काळात बॉल असा, की हलवायलाच दम लागायचा," मार्करकाका म्हणायचे. "तिला आजचं कापड दिलं असतं तर?"

"आणि ड्रायव्हरबाईंना कॅमेऱ्यासमोर खेळावं लागलं, ते?" समोरच्या दुकानातला चष्मेवाला म्हणायचा. "तुमच्या थोरलीला बघायला होतं कोण? बारा माणसं आणि एक मांजर."

"बारा माणसं, पण बाराही वाईट चिंतणारी! ते कॅमेऱ्यापेक्षा जड असतं, लिहून ठेव."

"लिहा ना, खडू तुमच्याच हातात आहे."

आणि काका रेघ ओढायचे. रेघांनी फळा भरला. मग एक दिवस त्यांनी तिसरा रकाना आखला, त्यात 'ससुली' लिहिलं आणि पुढे एक मोठं प्रश्नचिन्ह काढलं.

ससुली म्हणजे ड्रायव्हरबाईच्या धाकट्या बहिणीची मुलगी, चौदा वर्षांची. काळजी लागली की खालचा ओठ सशासारखा भरभर चावते, म्हणून ससुली. मावशीनेच हे नाव ठेवलं आणि मावशीनेच मला तिच्या हातात दिलं. "खाच आकाशाकडे ठेव, शुभ असतं." बघा, गुपित अर्धं होऊन पुढे गेलं! पण काम चालत होतं. ससुलीचा खेळ दोघींपेक्षा निराळा. ती बॉल मारायच्या आधी पुढचे तीन बॉल बघते. टेबलाभोवती एक पूर्ण फेरी मारते, ओठ चावते, मनात काहीतरी मोजते आणि मग अगदी साधा शॉट मारते. इतका साधा की टाळी वाजवायची राहून जाते. दोन वर्षांत ती शहराच्या संघाच्या निवड सामन्यापर्यंत पोहोचली. सामना रविवारी दुपारी, आमच्याच हॉलमध्ये.

फळ्यावरच्या त्या प्रश्नचिन्हाकडे ती जाता-येता बघायची. मला तिच्या तळहाताचा घाम कळायचा.

आता जे घडलं ते सांगताना अजून माझ्या लाकडाच्या रेषा ताठ होतात. सामन्याच्या आधीच्या सोमवारी ससुली मला घरी घेऊन गेली. तिचे बाबा फर्निचरला पॉलिश करतात. हात असा की जुन्या कपाटात तोंड बघून भांग पाडावा. लेकीचा सामना म्हणून त्यांच्या मनात आलं, तिला काहीतरी द्यावं. ती शाळेत गेल्यावर त्यांनी मला कामाच्या बाकावर आडवी केली आणि प्रेमाने माझ्या अंगावरून हात फिरवला.

"काय गं अवस्था झालीय तुझी," ते पुटपुटले. "आणि हा काय ओरखडा?"

त्यांचा अंगठा खाचेवर थांबला.

मी ओरडले हो! मला येतं तसं ओरडले. पण लाकूड ओरडलं तर माणसाला काय ऐकू येतं? त्यांनी पॉलिश पेपर घेतला, बोटाला गुंडाळला आणि खसाखसा घासायला सुरुवात केली. तांदळाच्या दाण्याएवढी खाच, तिला किती वेळ लागणार? आधी तिचे काठ गेले. मग ती नुसती सावली राहिली. मग सावलीही गेली. वर तीन हात पॉलिश चढलं. संध्याकाळी मी आरशासारखी चमकत होते आणि भीतीने अर्धमेली झाले होते.

ससुली आली आणि आनंदाने किंचाळली. "बाबा! ही तीच आहे?"

"तीच. खरवडलेलं होतं तेही काढून टाकलं," बाबा म्हणाले. ते इतके खूष होते की मला त्यांचा राग धरता येईना.

ससुलीचा अंगठा मुठीवर फिरला. एकदा. दोनदा. तिने ओठ चावला, पण बाबांचा चेहरा बघून म्हणाली, "मस्त झालीय." मित्रांनो, ही अशी मुलगी आहे.

मंगळवारी हॉलमध्ये पहिला शॉट. सरळ, सोपा, लहान मूलही मारेल असा. बॉल पॉकेटच्या काठाला लागून बाहेर आला. दुसरा शॉट आत. तिसरा उजवीकडे गेला. चौथा डावीकडे. मी तिच्या हातात कधी कशीही फिरत होते, माझा बाक कधी या बाजूला तर कधी त्या बाजूला येत होता, आणि तिला वाटत होतं की चूक तिची आहे. चुकीला एक बाजू असती तर तिने ती पकडली असती. पण ही चूक दर वेळी बाजू बदलत होती! बुधवारी तेच. गुरुवारी त्याहून वाईट. तिने पाय बदलून पाहिले, श्वास बदलून पाहिला. सगळं बदललं, फक्त मला लोळवून पाहिलं नाही. थोरलीच्या काठीवर कोण संशय घेणार?

गुरुवारी संध्याकाळी मावशी घरी आली, तिने माझ्या मुठीकडे पाहिलं आणि तिचा आवाज डेपोपर्यंत गेला. "खाच कुठाय? भाऊजी, शकुन घासून टाकलात तुम्ही!"

"ताई, मला काय माहीत? मला वाटलं, ओरखडा आहे," बाबा म्हणाले. त्यांचे दोन्ही हात पॉलिशने तपकिरी झालेले, ते त्यांनी पाठीमागे लपवले.

"शकुनबिकुन काही नसतं, मावशी," ससुली म्हणाली. "बाबांना बोलू नकोस. मलाच जमत नाहीये."

शुक्रवारी हॉलमध्ये चष्मेवाला फळ्याकडे बघून म्हणाला, "काका, तिसरा रकाना पुसायचा का?" मार्करकाकांनी त्याला डोळ्यांनी गप्प केलं. पण ससुलीने ऐकलं होतं. तिने मला स्टँडवर ठेवलं. समोर मोरीचं दार. नेमकं त्याच वेळी ते उघडलं आणि ती चौथी काठी ओली, काळी होऊन बाहेर आली. माझ्या मनात आलं, सामना हरला की लोक म्हणतील, काठीतला जीव गेला. मग मला काय काम देतील? खिडकी की फडकं? की हे?

शनिवारी सकाळी ससुली पुन्हा आली आणि मला उचलून चालायला लागली. कुठे नेतेय कळेना. दोन गल्ल्या, एक जिना, मग एक दार. दार उघडलं कापडवालीने. केस पांढरे, डोळ्यांवर जाड भिंगं, तरी समोरचं माणूस तिने आवाजानेच ओळखलं.

"आजी, मी तुमची काठी परत द्यायला आलेय," ससुली म्हणाली. पुढे तिला बोलवेना, मग एकदम सगळं बोलली. "उद्या मी खेळणार नाही. फळ्यावर तुम्ही आहात, मावशी आहे. मी त्यातली नाही. चार दिवस सरळ बॉलसुद्धा जात नाहीये. उद्या सगळ्यांना कळेल, त्यापेक्षा..."

"आत ये आधी. दारात रडलीस तर शेजारीण चहा घेऊन येईल, आणि तिचा चहा वाईट असतो."

तिने मला हातात घेतलं. इतक्या वर्षांनी! तिचा अंगठा सरळ मुठीकडे गेला, आणि थांबला. मागे गेला, पुढे गेला. तिच्या चेहऱ्यावरचं हसू विझलं.

"माझी खाच कुठाय?"

"बाबांनी पॉलिश केलं. त्यांना माहीत नव्हतं. पण आजी, तो शकुन..."

"कसला शकुन?"

"तोच. खाच आकाशाकडे. शुभ असते ना?"

कापडवाली खुर्चीत बसली. मग कपाळावर हात मारला. "अगं, त्या ड्रायव्हरला मी एवढंही सांगितलं नाही? माझं मेलीचं तोंड! पोरी, ही काठी वाकडी आहे."

"काय?"

"वाकडी. माझ्या हातात आली तेव्हापासून. लोळवून बघितली नाहीस?"

"तुमची काठी कशी लोळवणार? कुणीच नाही लोळवत."

"शहाणेच आहात सगळे! लोळव."

जेवणाच्या टेबलावरची बशी बाजूला सारली आणि ससुलीने मला लोळवलं. टक-टक-टक. एवढ्या वर्षांनी माझं गुपित पुन्हा मोठ्याने बोललं गेलं. मला लाज वाटली, आणि मग असं हलकं वाटलं की काय सांगू!

ससुली बघतच राहिली. "म्हणजे मी नाही? काठी वाकडी आहे, मी नाही?"

"तूही असशील. ते उद्यानंतर बघू." आजीने खणातून कात्री काढली, तीच जुनी कात्री. पण स्वतः उघडली नाही, ससुलीसमोर ठेवली. "मला आता दिसत नाही. बाक कुठे आहे ते तू शोध. डोळ्यांनी नाही, कानांनी."

ससुलीने मला वीस वेळा लोळवलं असेल. कान टेबलाला लावून. मी थांबायचे तिथे ती बोट ठेवायची, पाव गिरकी फिरवायची, पुन्हा बघायची. शेवटी म्हणाली, "सापडलं. पण आजी, बाक वर ठेवू की खाली?"

"मी वर ठेवायचे. मला तसं बरं वाटायचं."

ससुलीने मला दोन्ही प्रकारे धरून पाहिलं. ओठ चावला. "मला खाली बरं वाटतंय."

"मग खाली. विचारतेस काय?"

कात्रीचं टोक जवळ आलं. मी घाबरले, नेहमीसारखी. बाबांच्या चकचकीत पॉलिशवर तिने आडवी रेघ पाडली. खाच थोरलीच्या खाचेच्या अगदी उलट्या बाजूला पडली, आणि जराशी तिरपी. पण खोल. ही सहज घासली जाणार नाही.

रविवारी हॉल खचाखच भरला. समोरची मुलगी उंच, गळ्यात हेडफोन, तिची काठी नवी कोरी. पाच डाव आधी जिंकेल ती संघात. पहिले दोन डाव आम्ही हरलो, कारण चार दिवसांची भीती एका सकाळीत जात नाही. मग ससुलीने फेऱ्या मारायला सुरुवात केली. तीन बॉल पुढचं बघणं, मोजणं आणि साधा शॉट. दोन-दोन. तीन-तीन. चार-चार. शेवटच्या डावात टेबलावर उरला काळा बॉल, दूरच्या कोपऱ्यात. तो आत टाकला की सामना खिशात. लांब, सरळ शॉट. वाकड्या काठीला यापेक्षा मोठा शत्रू नाही.

ससुलीने खाच अंगठ्याखाली घेतली, आकाशाकडे फिरवली आणि वाकली.

आणि मित्रांनो, तिचा हात थरथरत होता. थोडा नाही, चांगला थरथरत होता. खुर्चीवरून कुणाला दिसलं नसेल, पण मी त्या हातात होते. आता तुम्हाला ते सांगते, जे मार्करकाकांनाही माहीत नाही, चष्मेवाल्यालाही नाही. मिशीवाल्यासमोर शेवटच्या बॉलवर कापडवालीचं मनगट थरथरलं होतं. ती शांतता बघून लोक म्हणाले, दगडाचं काळीज आहे. कॅमेऱ्यासमोर "पुढे सरका" ओरडताना ड्रायव्हरबाईची बोटं इतकी थरथरायची की किल्ल्या वाजायच्या, आणि लोकांना वाटायचं, काय ही ऐट! तीन कापडं, तीन जमाने, तीन खेळ. थरथर मात्र एकच. मला डोळे असते आणि ते बांधले असते, तर त्या क्षणी हात कुणाचा आहे हे मी ओळखू शकले नसते.

ससुलीने श्वास सोडला. मी पुढे गेले.

काळा बॉल लांबवर गेला, पॉकेटच्या ओठाशी पोहोचला, त्याने जरा विचार केला आणि तो आत पडला.

एकच आरडाओरडा झाला. बाबा रडत होते आणि तपकिरी हातांनी डोळे पुसत होते, त्यामुळे चेहराही तपकिरी झाला. मावशी ओरडली, "पुढे सरका, पुढे सरका!" कोपऱ्यात कापडवाली बसली होती, तिला दिसलं नव्हतं, पण बॉल पडल्याचा आवाज तिने ऐकला होता आणि मान डोलावली होती.

मार्करकाका फळ्याकडे गेले. तिसऱ्या रकान्यातलं प्रश्नचिन्ह पुसून त्यांनी खडू ससुलीपुढे धरला. "घे, पहिली रेघ तूच ओढ. सांग आता, तिघींत मोठी कोण?"

ससुलीने खडू घेतला आणि माझ्या टिकलीला लावला. "काका, पुढच्या आठवड्यात मॅच आहे. सरावाला टेबल मोकळं आहे का?"

पुढच्या आठवड्यातली मॅच ती हरली, हेही सांगून टाकते. माझ्यामुळे नव्हे, समोरची खरंच भारी होती.

फळा अजून भिंतीवर आहे आणि वादही चालू आहे. मोरीचं दारही आहे तिथेच, आणि ते उघडलं की माझ्या अंगावर अजून काटा येतो. म्हणून एक विनवणी करते. घरात एखाद्या जुन्या वस्तूवर ओरखडा दिसला, गाठ दिसली, ठिपका दिसला, तर पुसण्याआधी जरा विचारा की हे कुणी केलं आणि कशासाठी. आणि ज्यांना माहीत आहे त्यांनी पूर्ण सांगा हो, अर्धं सांगू नका! मला ओल्या भिंतीला टेकवू नका. आणि कधी तुमच्या हातात आले, तर मी कुणाची का काठी असेना, आधी मला टेबलावर लोळवून बघा. टक-टक झालं तर मला मुळीच वाईट वाटणार नाही.